सिंगापूरचा बर्फ

“सिंगापूरमा बरफ भलता पडस म्हणे. घोंगडी लई गयथा का नही रे तू?”

पार्टिशनच्या पलीकडून हे वाक्य आलं आणि टाइपरायटरवरची माझी बोटं थांबली. धुळ्याच्या त्या कचेरीतला माझा पहिलाच दिवस होता. नाशिकला मिशनच्या शाळेत मी दहा वर्षं काढली होती. तिथे दुसरं काही नाही तरी नकाशा शिकवत. सिंगापूर कुठे आहे हे मला झोपेतही सांगता आलं असतं. सरकारने दुभाष्या म्हणून वेडा माणूस नेमला आहे, अशी माझी खात्री झाली.

पलीकडून एक जाड, दुखावलेला आवाज आला.

“बरफ? नाना, येडा व्हयना का? तठे आंगवर सदरा ठेवता ये ना!”

“आसं कसं? आमना गावना मास्तर सांगे.”

“मास्तरना बाप गयथा का तठे? आम्हीन गयथूत! साडेतीन वरीस व्हतूत. बरफ म्हणे! पानी नही मिये प्यायाले, आनि बरफ!”

“पानी मिये ना?” नाना भाबडेपणाने म्हणाले. “कसं काय? नदी तर व्हती ना?”

आणि मग तो माणूस बोलत सुटला. पाणी का मिळत नव्हतं, कोण मिळू देत नव्हतं, नदीवर जायला कोण निघाला आणि त्याचं काय झालं. पार्टिशनच्या फटीतून एक हात आत आला आणि माझ्या टेबलावर दोनदा टकटक करून गेला. टाईप कर, असा त्याचा अर्थ होता.

तो हात सुभेदार नानांचा.

नाना कधी सुभेदार नव्हते. पहिल्या लढाईत ते बसऱ्याकडे होते आणि नाईक म्हणून घरी आले. पुढची बढती शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावाने दिली. “सरकार उशीर करतं, गाव करत नाही,” असं ते गंभीरपणे सांगत. पन्नाशी उलटली होती. मिशा पांढऱ्या, पण टोकं काळी. टोकं तेवढी ते बुटाच्या पॉलिशने रंगवतात असा कचेरीतल्या शिपायाचा संशय होता. कचेरीत खुर्च्या होत्या. ते दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यावर बसत. खुर्चीत बसलं की माणूस समोरच्याचं ऐकत नाही, फक्त आपली पाळी कधी येते ते बघतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

लढाई संपून वर्ष झालं होतं. पूर्वेकडे जपान्यांच्या कैदेत राहिलेले आमच्या भागातले बरेच शिपाई परत आले होते. त्यांच्यावर काय गुजरलं ते लिहून घ्यायचं, इंग्रजीत टाईप करायचं आणि पुण्याला धाडायचं, एवढंच आमच्या कचेरीचं काम. त्यांच्याशी अहिराणीत बोलायचं ते दुभाष्याने; ती मला घरच्या स्वयंपाकिणीमुळे कळे, आणि इंग्रजी करायचं मी. त्यासाठी पुण्याहून छापील फॉर्म आले होते. त्यात अठ्ठावीस प्रश्न होते. शिपायांना ते एकामागून एक विचारले की उत्तरं ठरलेली असत. “ठीक होतं.” “आठवत नाही.” “जाऊ द्या, साहेब.” नानांच्या आधीच्या दुभाष्याने दोन महिन्यांत चाळीस फॉर्म भरले आणि चाळीसही फॉर्मांत “ठीक होतं” लिहिलं.

नानांनी फॉर्म बाजूला ठेवला. त्यांची रीत वेगळी होती. ते चुकीचं बोलायचे.

“मिसबाई,” पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मला समजावलं. “माणसाला विचारलं, तुझ्यावर काय झालं, तर तो लाजतो. पण त्याच्या समोर कोणी खोटं सांगितलं, की त्याच्याच्याने राहवत नाही. जो तिथे होता त्याला खोटं सहन होत नाही. म्हणून इथे समोरचा माणूस बोलेल ते सगळं टाईप करायचं. माझं सोडून. मी बोलतो ते बठ्ठं खोटं.”

मी मान हलवली. त्या कचेरीत मी बहुतेक मानेनेच बोलत असे. माझी मराठी मला स्वतःलाच उसनी वाटायची. घरी डॉक्टर वडील आणि मी इंग्रजीत बोलायचो, आणि बाहेर मी बोलायचेच नाही. वडिलांनी ओळखीतून हे काम मिळवून दिलं ते मी माणसांत यावं म्हणून. टाइपरायटरपर्यंत आले, त्यापुढे गेले नाही.

हे नानांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आपली रीत माझ्यावर चालवायला घेतली. पहिल्या आठवड्यात त्यांनी कचेरीच्या शिपायाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं की लंडन जर्मनीत आहे. मी टाईप करत राहिले. मग इंग्रजीत सव्वीस नव्हे, चोवीस अक्षरं असतात असं सांगितलं. मग एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी म्हणाले, “भरताचं वांगं चांगलं उकडून घ्यायचं, म्हणजे झालं.” भरीत मला करता येत नसलं, तरी आमची स्वयंपाकीण वांगी काडीच्या जाळावर भाजते हे मी दहा वर्षं सुट्टीत बघत आले होते. जिभेच्या टोकावर आलं. मी ओठ घट्ट मिटले. नाना कौतुकाने शिपायाला म्हणाले, “भलती कडक शे. हिले जपानीसनी धरी ठेवं आसतं तरी ही काही बोलती ना.”

कचेरीबाहेरही त्यांचं हेच चाले. बस सुटायच्या वेळी ते कंडक्टरला विचारत नसत. “ही गाडी शिंदखेड्याला जात नाही, नाही का,” असं म्हणून दुसऱ्या गाडीकडे चालू लागत, आणि कंडक्टर मागे पळत येऊन त्यांना हाताला धरून खिडकीजवळच्या जागेवर बसवत असे. एकदा माझ्या वडिलांकडे गुडघा दाखवायला आले. “डॉक्टरसाहेब, गुडघेदुखीला थंड पाणी ओतत जा म्हणून आमचा न्हावी सांगतो.” वडिलांनी अर्धा तास त्यांना गुडघ्याची रचना चित्र काढून समजावली. इतर रोग्यांना ते दोन मिनिटं देत.

त्यांचा एक ताप मात्र मला होता. घरून ते ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे जाड पापड, आणत आणि पार्टिशनजवळ उभं राहून कुडुमकुडुम खात. चुरा माझ्या मशीनमध्ये पडे. ‘ई’ची कळ अडकू लागली. पुण्याहून पत्र आलं की तुमच्या कागदांतल्या साक्षीदारांची नावं अर्धवट का येतात. नानांनी ते पत्र माझ्याकडून ऐकून घेतलं, म्हणजे मी ते मराठीत उतरवून पुढे केलं आणि शिपायाने वाचलं, आणि म्हणाले, “लिहा, ज्वारीचं पीक चांगलं आलं आहे.”

असं सगळं हसत चाले. पण ऐकायला येणारं हसण्यासारखं नव्हतं.

फैजपूरकडचा एक तरुण आला होता. केळीच्या बागेत काम करणारा, अगदी मऊ बोलणारा. नानांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली की तुमच्या तळावर आजाऱ्याची फार काळजी घेत म्हणे, लगेच दवाखान्यात नेत. तो त्याच मऊ आवाजात म्हणाला, “नेत, नाना. परत आणत नसत.” नानांच्या तोंडात बिबड्याचा तुकडा होता. तो त्यांना गिळताही येईना, टाकताही येईना. ते बाहेर गेले, रांजणावर चूळ भरली, आत आले आणि त्या दिवशी पुन्हा एकही खोटं बोलले नाहीत. त्याची गरजच पडली नाही. तो एकटाच बोलत होता. मी सात पानं टाईप केली. तो गेल्यावर नाना माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि टाइपरायटरला सलाम केला. चेष्टेने केला की नाही ते मला सांगता येणार नाही.

त्यांच्या स्वतःच्या बसऱ्याच्या गोष्टी सगळ्या मजेच्या. उंटाने साहेबाची टोपी खाल्ली ती. कलिंगडांचे ढीग शत्रूची दारूगोळ्याची कोठारं समजून रात्रभर त्यांना वेढा घातला ती. शिपाई, येणारे साक्षीदार, पाणी भरणारी बाई, सगळे त्या पुन्हा पुन्हा सांगायला लावत. मी पार्टिशनआडून ऐके. ऐकून ऐकून माझ्या एक लक्षात आलं. कुठलीही गोष्ट असो, ती एका ठिकाणी येऊन थांबे. “मग आमची तुकडी नदीच्या वरच्या अंगाला गेली,” एवढं म्हणून नाना चहा मागवत. वरच्या अंगाला काय झालं ते कोणी विचारलं नाही. चहा आल्यावर लोक विसरत.

एकदा आमचे कागद तपासायला पुण्याचे कॅप्टनसाहेब आले असताना नानांनी त्यांना विचारलं, “साहेब, शत्रूने केलं त्याचा हा फॉर्म. आपल्या माणसांनी केलं त्याचा फॉर्म कोणत्या रंगाचा येतो?”

कॅप्टनसाहेब आमच्याचसारखे मराठी माणूस, सदाशिव पेठेतले. पण ते सगळ्यांशी इंग्रजीत बोलत, शिपायाशीही. तंबाखू नसलेला पाइप तोंडातून काढून, नकारार्थी मान हलवत ते म्हणाले, असा फॉर्म नसतो.

“छापायचा राहिला असेल,” नाना म्हणाले.

हसीनाबी आली ती कॅप्टनसाहेबांच्या पुढच्या दौऱ्याच्या दिवशी. तो त्यांचा आमच्याकडचा शेवटचा दौरा. नंतर कचेरी बंद व्हायची होती. दुपारी मोटारीने नरडाण्याला जाऊन त्यांना गाडी पकडायची होती. ते सरकारी बंगल्यावर जेवायला गेले होते आणि जाताना सांगून गेले होते की शिपायांचं पुष्कळ झालं, पण बिनलष्करी माणसाची एकही साक्ष धुळ्याहून नाही. ही एवढी बाई आहे, तिचं घेऊन ठेवा, मला ते लागणारच आहे.

हसीनाबी धुळ्याच्याच शिंप्याच्या घरची. नवरा इस्माईल तिला घेऊन रंगूनला गेला, तिथून आत एका गावात त्याने शिलाईचं दुकान टाकलं. लढाई संपल्यावर ती बोटीने एकटी परत आली. आता शिंदखेड्याला दिराकडे राहत होती. तिला आमच्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिने बसायच्या आधीच सांगितली. इस्माईल मेला असं सरकारी कागदावर लिहिलेलं तिला हवं होतं. दीर म्हणत होता, येईल तो, वाट बघ. काझी म्हणत होता, कागद आण. कित्येक महिने ती सासरी आलेल्या-गेलेल्याला “येतील” असं सांगत होती, आणि ते येणार नाहीत हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

नानांनी खोकं पुढे ओढलं आणि सुरुवात केली.

“तुमना गावमा जपानी सोल्जरसनी लोकेसले धान वाटं म्हणे?”

“हा, नाना. बरोबर शे,” हसीनाबी म्हणाली.

नाना गडबडले. “आनि... कपडाबी वाटात?”

“हा. वाटात.”

“तुमना मालकले त्यासनी नोकरी दिधी?”

“दिधी.”

“बाई, तुम्हीन हा हा काब्र करी राहिन्यात?” नाना रडकुंडीला आले. “मी खोटं बोली राहिनू ना!”

तेव्हा ती शांतपणे म्हणाली की तिने खरं तीनदा सांगून पाहिलं. रंगूनच्या छावणीत, बोटीवर आणि कलकत्त्याला. तिन्ही ठिकाणी साहेबाने विचारलं, पुरावा काय. म्हणून आता तिने ठरवलं होतं की साहेब म्हणेल ते लिहून द्यायचं आणि फक्त शेवटी इस्माईल मेला एवढं घालून घ्यायचं. “तुम्हीन सांगा ते लिखा. मी आंगठा देस.”

नानांची रीत पहिल्यांदाच फसली होती. खोटं ऐकून बोलती होणारी माणसं त्यांनी शेकड्याने पाहिली. खोट्याला हो म्हणणारं माणूस त्यांच्यापुढे कधी बसलं नव्हतं. त्यांनी मिशीची टोकं ओढली. पार्टिशनकडे पाहिलं, पण फटीतून त्यांना फक्त माझा कान दिसत असावा. बाहेर शिपाई चहा घेऊन आला होता. नानांनी त्याला हाताने परत पाठवलं.

मग ते म्हणाले, “मग आमनी तुकडी नदीना वरला आंगले गयी.”

मी बोटं कळांवर ठेवली. मी ठेवली की आपोआप गेली ते मला आजही कळत नाही. नानांचं बोलणं टाईप करायचं नाही, हा त्या कचेरीचा पहिला नियम होता आणि तो त्यांनीच घातला होता. पण नियमाचं कारण असं होतं की नाना बोलतात ते खोटं. हे खोटं नव्हतं. मी टाईप करू लागले.

तारेचे खांब कोणीतरी पाडले होते. कोणी, ते कळलं नाही. जवळ गाव होतं, म्हणून गाव जाळायचा हुकूम झाला. नानांकडे रॉकेलचा डबा होता. माणसं आधीच पळाली असतील असं सगळ्यांना वाटलं होतं. एका घराला त्यांनी आग लावली आणि आतून एक बाई निघाली.

“काडी मी लाई,” नाना म्हणाले. “दुसरा कोनी नही. मी.”

हसीनाबी पहिल्यांदा पुढे वाकली. “काय लई निंघनी ती?”

“परात. मयेल पीठनी.” मळलेल्या पिठाची परात. बाकी काही नाही. त्या परातीवर धूर बसू नये म्हणून तिने पदरासारखं काहीतरी झाकलं होतं, आणि नानांच्या समोरून ती परात घेऊन गेली. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती. ती त्यांच्याकडे कशी बघत होती असं हसीनाबीने विचारलं. नाना म्हणाले, “बघत नव्हती. पिठाकडे बघत होती.”

नानांचं शेवटचं वाक्य टाईप झालं. माझं मशीन थांबलं.

“मी मशीन उचलं,” हसीनाबी म्हणाली. “शिलाईनं.”

आणि तिने सांगितलं. एका जखमी शिपायाला गावाने लपवलं असा संशय होता. जपानी सोल्जर भरदुपारी आले, पुरुषांना विहिरीपाशी उभं केलं, मग घरांना आग. इस्माईल विहिरीपाशी पडला होता. ती आधी त्याच्याकडे गेली. “मानूस उचलता ये ना,” ती म्हणाली. “मशीन उचलता उनं.” दोन कोस ती ते मशीन डोक्यावर घेऊन चालली. मग एका झाडाखाली ठेवलं, कारण एकदम तिच्या लक्षात आलं की आता ते चालवणारं कोणी नाही. हे सांगताना तिला हसू आलं. नानाही हसले. ती दोघं तशी हसत असताना मी फटीतून पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

पुरावा काय, असं नानांनी विचारलं नाही.

सगळं दीड पानात बसलं. एकाच घडीच्या मोठ्या कागदावर, आधी नाना, मग ती. मी तो बाहेर नेला. हसीनाबीने विचारलं, इस्माईलचं नाव कुठे आहे. मी बोट ठेवलं. तिने ते अक्षर नीट बघून घेतलं, जसं कापड बघावं तसं, आणि खाली अंगठा दिला. मग नानांनी चष्मा लावला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण स्वतःचं नाव तेवढं ओळखू येई. पगाराच्या कागदावर ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ते पानाच्या वरच्या ओळीवर थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आमच्या कचेरीत पंखा नव्हता. त्यांनी अंगठ्याशेजारी बाळबोध लिपीत मोठी सही केली. नक्कल हसीनाबीने पदरात बांधली आणि तिच्या बसची वेळ झाली म्हणून शिपाई तिला पोचवायला गेला. नाना दारापर्यंत गेले आणि सवयीने म्हणाले, “ही गाडी शिंदखेड्याला जात नाही, बरं का.” ती म्हणाली, “हा, नाना. बरोबर शे.” आणि गेली.

कॅप्टनसाहेब आले तेव्हा मोटार बाहेर सुरूच होती. त्यांनी उभ्या उभ्या कागद वाचला. पहिलं अर्धं पान वाचताना पाइप तोंडातून निघाला. हे काय आहे, त्यांनी विचारलं. इंग्रजीत. आपल्या सैन्यावरचा हा आरोप शत्रूच्या फायलीत कोणी घातला? या माणसाला पेन्शन नको आहे का? नाना खोक्याजवळ सावधानमध्ये उभे होते, पोट आत, हनुवटी वर. टाचा मात्र जुळत नव्हत्या. गुडघ्याने जुळू दिल्या नाहीत. त्यांना त्यातला शब्द ‘पेन्शन’ तेवढा कळला असावा. एखादं खोटं, फक्त एक, त्यांना तिथे वाचवायला पुरेसं होतं. ऐकण्यात घोटाळा झाला, बाईचं बोलणं माझ्या नावावर पडलं, असं म्हटलं असतं तरी साहेबांनी आनंदाने मानलं असतं. सगळं आयुष्य चुकीचं बोलण्यात गेलेला माणूस तेवढं एक बोलला नाही.

मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. कचेरी त्याच आठवड्यात बंद झाली, ते गावी गेले, मी घरी. पेन्शनचं काय झालं ते मला कळलं नाही. नको ती बातमी मिळेल म्हणून मी विचारलंच नाही. पण मला ते आजही असे दिसतात: मिशीची टोकं काळी, टाचा न जुळलेल्या, आणि सदऱ्यावर बिबड्याचा चुरा.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, कागद माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाले की बाईची साक्ष उत्तम आहे, ती हवीच आहे. वरचं सगळं काढा. फक्त तिचं नव्या कागदावर टाईप करा, दहा मिनिटं देतो.

मला दहा मिनिटंही लागली नसती. मी नवा कागद उचलला. तो मशीनमध्ये घालता घालता थांबले, पुन्हा टेबलावर ठेवला, आणि उभी राहिले. इंग्रजीत उत्तर देणं सोपं होतं, त्यांनाही आणि मलाही. पण खोक्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला ते कळलं नसतं.

“साहेब,” मी मराठीत म्हणाले, “अंगठा दोघांच्या खाली आहे, आणि बाई बसने गेली. मला अंगठा टाईप करता येत नाही.”